कागदामागे कोण उभं आहे, ते विचारा

ताई, नमस्कार.

आम्ही दोघं पहिल्यांदाच घर विकत घेतोय. घर जुनं आहे, पस्तीसेक वर्षांचं, दोन मजली. व्यवहार ठरला आहे, बयाणा द्यायचा बाकी आहे. त्याआधी कुणा जाणकाराकडून घर तपासून घ्यावं असं ठरवलं आणि तिथेच गाडी अडली. एजंट म्हणतो, "आमचे नेहमीचे एक इन्स्पेक्टर आहेत, अर्ध्या तासात बघून सांगतील, त्यांच्या पैशांचं मी बघतो." माझे मामा म्हणतात, त्यांचे एक मित्र चाळीस वर्षं बांधकामात आहेत, भिंतीवर हात ठेवून घराची कुंडली मांडतात. मी स्वतः शोधून एक प्रमाणित होम इन्स्पेक्टर काढले. त्यांची फी चांगलीच जास्त आहे आणि ते चार तास मागतात. मामांना सांगितलं तर म्हणाले, "सर्टिफिकेट काय भिंतीतली ओल दाखवतं? माणसाचा हात बघ, कागद काय बघतेस!" मला उत्तर सुचलं नाही. मामा मोठे आहेत, त्यांचं मन मोडायचं नाही. पण आमची सगळी पुंजी या घरात जाणार आहे. खरंच त्या कागदाला एवढी किंमत असते का?

– उंबरठ्यावर अडलेली एक वाचक

नमस्कार.

मामांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देते. नाही, सर्टिफिकेट ओल दाखवत नाही. ओल माणसालाच शोधावी लागते. पण ती शोधताना त्याने कुठे कुठे वाकून बघायचं, काय उघडायचं, बघितलेलं कसं लिहून द्यायचं आणि कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे त्या कागदामागे ठरलेलं असतं. तसं झालं नाही तर दाद कुणाकडे मागायची, हेही ठरलेलं असतं. कागदाचं मोल एवढंच आहे, पण घर घेणाऱ्यासाठी ते फार आहे.

हे मी ठेच लागून शिकले. आमचं पहिलं घर घेताना आम्हीही ओळखीच्या एका गृहस्थांना नेलं होतं. बांधकामात आयुष्य गेलेलं, मनाने निर्मळ माणूस. ते घरभर फिरले, दोन-चार भिंती ठोकून बघितल्या, "भक्कम आहे, घ्या" म्हणाले आणि आम्ही घेतलं. वर्षाच्या आत न्हाणीघराखालच्या खोलीचं छत ओलावलं, गिलाव्याचे पोपडे पडले आणि आतली गंजलेली सळई दिसायला लागली. सळई एका वर्षात तशी होत नाही. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, तो काँक्रीटला आतून ढकलत राहतो आणि शेवटी वरचा थर फुटतो. याला वर्षानुवर्षं लागतात. म्हणजे आम्ही घर बघायला गेलो त्या दिवशी ते सगळं तिथेच होतं. त्या गृहस्थांना कळवलं तेव्हा त्यांना मनापासून वाईट वाटलं. आठवून आठवून ते म्हणाले, "त्या खोलीत सामान रचलेलं होतं, मी आत गेलोच नव्हतो."

मला या गोष्टीत सळईपेक्षा ते शेवटचं वाक्य जास्त लागलं. ते आत गेले नव्हते हे त्यांनी त्या दिवशी सांगितलं असतं, तर आम्ही मालकांना सामान हलवायला लावलं असतं. पण तसं सांगायचं बंधन त्यांच्यावर नव्हतं. आम्ही विचारलं नाही, कारण काय विचारायचं तेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

प्रमाणित इन्स्पेक्टर कामाला लागतो तेव्हा त्याच्या हातात एक ठरलेली चौकट असते. इंग्रजीत तिला स्टँडर्ड्स ऑफ प्रॅक्टिस म्हणतात, आपण तिला कामाची मानकं म्हणू. अमेरिकेत या व्यवसायातली जुनी संघटना आहे, अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स, ती १९७६ साली स्थापन झाली. तिच्या मानकांनुसार छप्पर, बाहेरच्या भिंती, पाया आणि मूळ ढाचा, पाण्याचे नळ आणि निचरा, वीज, गरम-थंड हवेची यंत्रणा, आतल्या खोल्या, हवा खेळण्याची सोय या सगळ्यांकडे बघावंच लागतं. "मला विजेतलं कळत नाही" म्हणून विजेचा बोर्ड सोडता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जे बघायचं होतं पण बघता आलं नाही, ते कारणासह लिहावं लागतं. 'खोलीत सामान असल्याने छताची पाहणी करता आली नाही', हे एक वाक्य. आमच्या हातात तेवढं असतं तरी पुरलं असतं.

ऑस्ट्रेलियात यासाठी एएस ४३४९.१ नावाचं मानक आहे, न्यूझीलंडमध्ये एनझेडएस ४३०६. ब्रिटनमध्ये हे काम सर्व्हेअर करतात आणि त्यांची संस्था, रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेअर्स, १८६८ पासून आहे. तिने २०२१ पासून घराच्या पाहणीचे तीन स्तर ठरवून दिले आहेत, साध्या पाहणीपासून अगदी खोलवर तपासणीपर्यंत. जुन्या, वाढवलेल्या, बदल केलेल्या घराला तिसरा स्तर घ्यावा असं तिथे सांगतात. हे वाचून मला वाटलं की आपल्याकडून प्रश्नच चुकीचा विचारला जातो. आपण विचारतो, "घर कसं आहे?" विचारायला हवं, "तुम्ही कुठल्या मानकाप्रमाणे बघणार आहात, आणि त्यात काय काय येतं?" तुम्ही शोधलेल्या इन्स्पेक्टरना हा प्रश्न आजच विचारा. मानकाचं नाव सांगता आलं नाही, तर मात्र मामांची शंका रास्त ठरेल.

आता मामांच्या मित्रांविषयी. त्यांच्या अनुभवाला मी तिळमात्र कमी लेखत नाही. पण घर बांधण्याचा अनुभव आणि घर तपासण्याचा अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बांधणाऱ्याला घर कसं उभं राहतं ते माहीत असतं. तपासणाऱ्याला घर कसं बिघडतं ते शेकडो वेळा पाहून माहीत झालेलं असतं, आणि एकाच धंद्यापुरतं नाही, तर प्लंबर, वायरमन, गवंडी या सगळ्यांच्या कामाच्या सांध्यांवर. बिघाड बहुतेक वेळा या सांध्यांवरच असतो. भिंतीतून पाइप जातो तिथे, छप्पर भिंतीला टेकतं तिथे.

भेगांचंच घ्या. तुम्ही घरात गेलात की पहिली नजर भेगांवर जाते, आणि त्यावरच सगळ्यात जास्त ठोकताळे बांधले जातात. कुणी म्हणतं, "अहो, हे तर गिलाव्याचं", कुणी घाबरवून सोडतं. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने भेगांची एक प्रतवारी लावून दिली आहे, शून्य ते पाच. ०.१ मिलिमीटरच्या आतली केसासारखी भेग शून्य, १ मिलिमीटरपर्यंतची पहिल्या वर्गात, ५ पर्यंतची दुसऱ्या. इथपर्यंत मुख्यतः दिसण्याचा प्रश्न मानतात. ५ ते १५ तिसरा, १५ ते २५ चौथा आणि २५ च्या पुढे पाचवा, जिथे इमारतीच्या स्थैर्याचाच प्रश्न येतो. पण नुसत्या रुंदीवर निकाल लावायचा नाही, हेही त्या प्रतवारीत बजावलेलं आहे. जाणता इन्स्पेक्टर भेग वर रुंद आणि खाली अरुंद आहे का बघतो, भिंतीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन ती तिथेही आहे का बघतो, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघाली आहे का बघतो, जवळचं दार चौकटीत अडकतं का ते उघडून बघतो. मग तो "स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा" असं लिहितो किंवा "रंग देताना भरून घ्या" असं लिहितो. या दोन वाक्यांमध्ये तुमच्या घराच्या किमतीचा मोठा हिस्सा दडलेला असू शकतो.

आणि ओल. मामांनी नेमकी ओलच काढली म्हणून जरा सविस्तर लिहिते. हल्ली थर्मल कॅमेरा कुणीही विकत घेतो. पडद्यावर भिंत लाल-निळी दिसते, निळा डाग दाखवून "ही बघा ओल" म्हटलं की आपण मान डोलावतो. पण तो कॅमेरा ओल बघतच नाही, तो भिंतीच्या पृष्ठभागाचं तापमान बघतो. ओल्या जागेतून पाणी उडत असतं म्हणून ती थंड दिसते, हे खरं. पण फटीतून गार वारा येत असेल तरी तिथे थंडच दिसणार. आणि आतलं-बाहेरचं तापमान सारखं असेल तर खरोखरच्या ओलीचाही मागमूस लागणार नाही. म्हणून शिकलेला माणूस कॅमेऱ्याने संशयाची जागा शोधतो आणि मग ओलावा मोजणाऱ्या मीटरने खात्री करतो. त्या मीटरचंही तसंच. दोन टोकं भिंतीत रुतवून विजेच्या वहनावरून ओलावा मोजणारा मीटर, भिंतीत क्षार असतील तर कोरड्या भिंतीलाही ओली म्हणतो. पांढरट फुललेली भिंत तुम्ही पाहिली असेल, तिथे हे हटकून होतं. हे ज्याला माहीत नाही तो तुम्हाला चांगल्या घरापासून पळवून लावेल, किंवा उलट, मीटर खोटं दाखवतंय म्हणून खरी ओल झटकून टाकेल. मामांना हे जरूर सांगा. कागद ओल दाखवत नाही, पण उपकरणावर कधी विश्वास ठेवायचा आणि कधी नाही, हे ज्याला शिकवलं गेलंय आणि ज्याची त्यावर परीक्षा झाली आहे, तो माणूस कोण, ते कागदावरून कळतं.

विजेचं एकच उदाहरण देते, कारण इथे चूक झाली तर ती पैशांवर भागत नाही. बोर्डात आरसीसीबी असतो, गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरच्या आसपास गेला की वीज तोडणारा. त्यावर टेस्टचं बटण असतं. ते दाबलं, खटका पडला, की बरेच जण "अर्थिंग वगैरे सगळं ओके" म्हणून मोकळे होतात. पण ते बटण आतल्या आतच प्रवाहाचा तोल बिघडवतं. घराला अर्थिंगची तारच जोडलेली नसली, तरीही खटका पडतो. तीन पिनचा सॉकेट बसवलाय म्हणजे तिसऱ्या भोकामागे तार आहे, असंही नाही. ते टेस्टर लावूनच बघावं लागतं, एकेका सॉकेटला. म्हणून चार तास लागतात. अर्ध्या तासात घर बघून देणाऱ्याने या चार तासांतलं काय काय गाळलं असेल, याचा अंदाज आता तुम्हालाच येईल.

तर मामांना उत्तर झालं. पण आता तुमच्या बाजूनेही एक सावधगिरीचं सांगायला हवं. तुम्ही लिहिलंय 'प्रमाणित'. कशाने प्रमाणित? या एका शब्दाखाली चार वेगवेगळे कागद खपतात आणि लोक चारही एकच समजतात.

परवाना म्हणजे सरकारने काम करायला दिलेली मुभा. तो नसताना काम करणं हाच गुन्हा. पण परवान्याची सक्ती सगळीकडे नाही. एकट्या अमेरिकेत बघा, टेक्सासमध्ये इन्स्पेक्टरला परवाना लागतो, कॅलिफोर्नियात लागत नाही. जिथे परवाना नाही तिथे उद्या कुणीही पाटी लावून होम इन्स्पेक्टर होऊ शकतो, आणि नेमकं तिथेच खऱ्या प्रमाणनाचं मोल वाढतं, कारण तुमच्या आणि त्या पाटीच्या मध्ये दुसरी कुठलीच चाळणी नसते.

प्रमाणन म्हणजे एका स्वतंत्र संस्थेने परीक्षा घेऊन, काम तपासून दिलेली ग्वाही, आणि ती ठरावीक मुदतीने नव्याने मिळवावी लागते. माणसांना प्रमाणित करणाऱ्या संस्थांनी कसं वागावं यासाठीसुद्धा आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ/आयईसी १७०२४. शिकवणाऱ्याचे हितसंबंध परीक्षेच्या निकालात येऊ नयेत, दिलेलं प्रमाणन मुदतीचं असावं, आणि गरज पडली तर ते काढूनही घेता यावं, हा त्याचा गाभा. काढून घेता येणं हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जे कधीच काढून घेतलं जाऊ शकत नाही, ते भिंतीवर टांगायला बरं, पण त्याने माणूस बांधला जात नाही.

सभासदत्व म्हणजे वर्गणी भरून संघटनेत येणं. वर उल्लेख केलेल्या अमेरिकन संघटनेतही नवा सभासद आणि प्रमाणित इन्स्पेक्टर या वेगळ्या पायऱ्या आहेत. प्रमाणित व्हायला राष्ट्रीय परीक्षा, म्हणजे २०० प्रश्न आणि ४ तास, शिवाय फी घेऊन केलेल्या किमान २५० तपासण्या दाखवाव्या लागतात. पण व्हिजिटिंग कार्डावर संघटनेचं चिन्ह पाहून आपल्याला दोन्ही सारखेच वाटतात. आणि चौथा कागद म्हणजे कोर्स पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट. तो माणूस वर्गात बसला होता एवढंच त्यातून कळतं.

म्हणून तुमच्या इन्स्पेक्टरना नम्रपणे विचारा: तुमचं प्रमाणन कुणाचं, क्रमांक काय, मुदत कधीपर्यंत? मग त्यांच्या सांगण्यावर न थांबता त्या संस्थेच्या स्वतःच्या यादीत जाऊन ते नाव बघा. त्यांनी पाठवलेला फोटो नको, संस्थेची यादी. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही. मी असे दोन-तीन जण पाहिले आहेत, त्यांना उलट बरं वाटतं. त्यांच्याकडून नाव-पत्ता झाकलेला एखादा जुना अहवालही मागा. त्यात प्रत्येक खोलीचे फोटो, दोष कुठे आहे त्याची नेमकी जागा, तो किती गंभीर आहे आणि पुढे काय करायचं, हे आहे का बघा. सगळ्या पानांवर 'ठीक', 'ठीक', 'ठीक' अशा खुणाच असतील, तर त्यांचं प्रमाणन कुणाचंही असो, मी दुसरा माणूस शोधेन.

आता एजंट. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: "त्यांच्या पैशांचं मी बघतो." कृपा करून हे होऊ देऊ नका. एजंट वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. पण व्यवहार झाला तरच त्याला पैसे मिळतात, आणि तो इन्स्पेक्टर एजंटकडून येणाऱ्या कामावर जगतो. ज्या माणसाने मागच्या महिन्यात दोन व्यवहार मोडायला लावले, त्याला एजंट तिसऱ्यांदा बोलावेल का? कुणी कुणाला लाच दिलेली नसते, तरी नजर आपोआप मवाळ होते. गंभीर भेग 'किरकोळ' होते, 'तातडीने' या शब्दाच्या जागी 'सवडीने' येतो.

म्हणून चांगल्या संघटनांच्या आचारसंहितेत दोन गोष्टी स्पष्ट असतात. काम मिळावं म्हणून इन्स्पेक्टरने एजंटला प्रत्यक्ष किंवा आडून काहीही द्यायचं नाही. आणि ज्या घराची तपासणी केली त्याची दुरुस्ती स्वतः करायची नाही. दुसरा नियम लोकांना विचित्र वाटतो. "दोष त्यांनी शोधला, त्यांनाच दुरुस्त करू द्या, सोयीचं पडेल," असं वाटतं. पण दोष शोधून त्याच्या दुरुस्तीचे पैसे मिळणार असतील तर दोष वाढत जातात. कॅलिफोर्नियात परवान्याची सक्ती नाही हे मघाशी लिहिलं, पण तिथल्या कायद्यानेही तपासणीनंतर १२ महिन्यांच्या आत त्याच घराची दुरुस्ती पैसे घेऊन करणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. परवान्याच्या आधी त्यांनी हे बंद केलं, यावरून रोग कुठे होता ते दिसतं.

मामांचे मित्रही बांधकामातलेच आहेत ना? त्यांच्या मनात काही नसेल, पण "यात एवढं काम निघेल, माझी माणसं देतो" हे पुढचं वाक्य फार सहज येतं. त्याचाही विचार करून ठेवा.

पैसे तुम्ही द्या, पावती तुमच्या नावाची घ्या, आणि अहवाल थेट तुमच्याकडे येईल असं करारात लिहून घ्या. तुम्ही त्यांचे ग्राहक आहात हे त्या कागदावर दिसलं पाहिजे, नाहीतर उद्या तक्रार करायची वेळ आली तर "आमचा करार एजंटशी होता" असं ऐकायला मिळेल.

करार म्हटलं की अजून एक गोष्ट. विमा. प्रमाणित इन्स्पेक्टरकडे बहुतेक वेळा दोन प्रकारचे विमे असतात किंवा असावेत. एक अपघाताचा, म्हणजे शिडी घसरून तुमची काच फुटली तर. दुसरा व्यावसायिक चुकीचा, म्हणजे दिसायला हवा होता तो दोष त्यांच्या नजरेतून सुटला तर. "आमचा विमा आहे" म्हणणाऱ्याकडे बऱ्याचदा पहिलाच असतो, म्हणून दुसऱ्याचं नाव घेऊन विचारा. आणि करार सही करण्याआधी पूर्ण वाचा, विशेषतः जबाबदारीच्या मर्यादेचं कलम. अनेक करारांमध्ये बारीक अक्षरांत असं असतं की काहीही झालं तरी इन्स्पेक्टरची जबाबदारी त्याने घेतलेल्या फीइतकीच. असं असेल तर विमा असून नसल्यासारखा. ती मर्यादा वाढवून मिळते का ते बोला, थोडी जास्त फी देऊन का होईना. नाही मिळाली तर निदान जाणीवपूर्वक सही करा.

प्रमाणित माणूस आणला म्हणजे सगळं कळलं, असंही मात्र समजू नका. ही तपासणी डोळ्यांनी दिसेल तेवढ्याची असते. ते भिंत फोडणार नाहीत, फरशी उचलणार नाहीत, फर्निचर सरकवणार नाहीत. जमिनीखालच्या निचऱ्याच्या पाइपात कॅमेरा घालायचा तर तो वेगळा माणूस. वाळवीची सखोल तपासणी बऱ्याच ठिकाणी वेगळी करावी लागते, ऑस्ट्रेलियात तर तिच्यासाठी वेगळं मानकच आहे, एएस ४३४९.३. छताचा जुना पत्रा ॲस्बेस्टॉसचा आहे की नाही हे नजरेने खात्रीने सांगता येत नाही, नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो. आणि आज कोरडं असलेलं छत पुढच्या पावसाळ्यातही कोरडं राहील याची हमी कुठलाही प्रामाणिक इन्स्पेक्टर देणार नाही. जो देईल, त्याच्यापासून जरा जपूनच राहा. चांगल्या इन्स्पेक्टरची एक खूण मला ही वाटते की तो "हे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे, याला अमुक तज्ज्ञ बोलवा" असं न लाजता लिहितो. आपल्या ज्ञानाची हद्द कुठे संपते हे माहीत असणं हाही शिक्षणाचाच भाग आहे.

तुमचं घर पस्तीस वर्षांचं, दोन मजली. मी तुमच्या जागी असते तर न्हाणीघरांच्या खालच्या आणि शेजारच्या खोल्या, छप्पर आणि भिंत यांचा जोड, आणि मधे कधी काही वाढवलं असेल तर जुन्या-नव्या बांधकामाचा सांधा, या तीन जागा त्यांना आवर्जून दाखवल्या असत्या. आदल्या दिवशी मालकांना सांगून ठेवा की बोर्डासमोरचं, माळ्याच्या झडपेखालचं आणि सिंकखालचं सामान काढून ठेवा, पाणी-वीज चालू ठेवा. वीज तोडलेल्या घराची तपासणी म्हणजे अर्धीच तपासणी. आणि तुम्ही दोघं त्या दिवशी चारही तास सोबत फिरा. अहवालात 'मध्यम' लिहिलेला दोष प्रत्यक्ष बघितलात की त्याचा अर्थ वेगळाच कळतो. शिवाय पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे, वीज एकदम कुठून बंद करायची, हेही त्याच दिवशी कळून जातं.

बयाण्याचं. तपासणी आधी, बयाणा नंतर. घाई केलीच तर निदान लेखी अट घाला की अहवालात गंभीर दोष निघाला तर बयाणा परत मिळेल किंवा किमतीवर पुन्हा बोलणी होतील. तोंडी आश्वासनावर थांबू नका, मालक कितीही सज्जन असले तरी. त्यांचंही त्यात भलंच आहे, नंतरचे वाद टळतात.

राहिले मामा. त्यांना 'तुमचे मित्र नकोत' असं सांगू नका. त्यांना सांगा, "मामा, तपासणी या इन्स्पेक्टरकडून करून घेतेय, पण त्या दिवशी तुम्ही आणि तुमचे मित्र दोघंही या. त्यांना जे दिसेल ते त्यांनी आम्हाला दाखवावं, आम्ही ते इन्स्पेक्टरना विचारू." त्यांच्या मित्रांच्या चाळीस वर्षांचा खरा उपयोग तिथे होईल. इन्स्पेक्टरने एखादी भेग किरकोळ म्हटली आणि त्या अनुभवी माणसाची भुवई वर गेली, तर तिथल्या तिथे "का?" विचारता येईल. आणि अहवाल आल्यावर दुरुस्तीला किती काम निघेल, कोणतं आधी करायचं, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणी सांगणार नाही. फक्त त्या दुरुस्तीचं काम त्यांनाच द्यायचं की नाही, ते तुम्ही दोघांनी घरी बसून, शांतपणे ठरवा.

एजंटला मात्र आजच फोन करा. इन्स्पेक्टर आम्ही आमचे आणतोय, घर चार तासांसाठी मोकळं हवं, दिवस कोणता ते कळवा. एवढंच. कारणं देत बसू नका.

अहवाल हातात आल्यावर काही कळलं नाही तर पुन्हा लिहा, त्या दोषाचा परिच्छेद जसाच्या तसा उतरवून पाठवा.

– तुमची ताई